हिरो तोच, हात नवा!

वणी तालुक्यातल्या राजूरचं नाव काढलं की आधी कोळसा आठवतो, मग चुना. एक काळा, एक पांढरा. कॉमिक्सचं पान काढायला लागणारं सामान गावातच तयार म्हणायचं! कॉलरीच्या गावात माणसं चार मुलखांतून येतात, म्हणून पोरांच्या वाचनातही सरमिसळ असते. वेताळ मराठीत, नागराज हिंदीत आणि टीव्हीवरचा स्पायडरमॅन जो आवाज लागेल त्या भाषेत. अशा गावात कॉमिक्सच्या नव्या अंकावरून एक वाद ठरलेला असे:

“अबे, हा नागराज आपला नाही दिसून राहिला बे!”

“नागराजच आहे ना. वर नाव लिहिलं आहे.”

“नाव सोड. तोंड पाहा याचं.”

ज्याला तोंड खटकलं तो पोरगा बरोबर असायचा. वेश तोच, साप तेच, फक्त काढणारा हात बदललेला. मराठी नाटकवाल्यांना यात काही नवल नाही. पणशीकरांचा लखोबा पुढे गिरीश ओकांनी उभा केला, ‘तो मी नव्हेच’ चालतच राहिलं. रंगभूमीवर याला सरळ ‘रिप्लेसमेंट’ म्हणतात आणि जाहिरातीत नव्या नटाचं नाव ठळक छापतात. कॉमिक्समध्ये मात्र रिप्लेसमेंट गुपचूप होते. लेखक जातो, चित्रकार जातो, कधी दोघंही जातात. हिरो पुढच्या अंकात काही घडलंच नाही अशा थाटात हजर! त्याच्या मुखवट्याआड किती हात येऊन गेले, आणि त्यातले किती आपले मराठी होते, त्याच्या या काही चटपटीत गोष्टी.

वेताळ मरत नाही, आतला माणूस बदलतो

सुरुवात अर्थात वेताळापासून. १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकी वर्तमानपत्रांत ली फॉकनं फँटम, म्हणजे आपला वेताळ, सुरू केला. सुपरमॅन आला १९३८ मध्ये, म्हणजे अंगाला चिकटलेला पोशाख आणि वर चड्डी या फॅशनचा मान वेताळाकडे जातो. मुखवट्याआड बुबुळं न दाखवण्याची युक्तीही त्याचीच. फॉकला ती ग्रीक पुतळ्यांच्या कोऱ्या डोळ्यांवरून सुचली.

खरी गंमत कथेच्या मुळाशी आहे. वेताळ अमर आहे असं जंगलात सगळे मानतात. प्रत्यक्षात बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो. आपण वाचतो तो एकविसावा. पहिल्यानं बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली ती १५३६ साली. त्या हल्ल्यातून वाचून तो किनाऱ्याला लागला ती तारीख कथेत १७ फेब्रुवारीच दिली आहे, म्हणजे मालिका सुरू व्हायच्या बरोबर चारशे वर्षं आधीची. ‘माणूस बदलतो, पोशाख चालू राहतो’ हे ज्या मालिकेचं कथासूत्र, तिच्या चित्रकारांच्या बाबतीतही अगदी तेच घडलं!

पहिला चित्रकार रे मूर. त्याच्या चौकटी सावल्यांनी भरलेल्या. महायुद्धात तो सैन्यात गेला आणि विल्सन मॅकॉयनं ब्रश हाती घेतला. मॅकॉयचा वेताळ सपाट, ठसठशीत रेषांचा. काही रसिक त्याला आजही नाकं मुरडतात. मला तो आवडतो. त्याच्या चित्रात कोण कुठं उभा आहे याचा गोंधळ कधीच होत नाही. १९६१ साली मॅकॉय गेला आणि साय बॅरी आला. तो तब्बल १९९४ पर्यंत टिकला. रुंद खांदे, चकचकीत घडण, टोकदार हनुवटी असा जो वेताळ आपल्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतो, तो बॅरीचा.

मधल्या काळात वेताळाचं लग्नही उरकलं. डायनाला चाळीस वर्षं ताटकळत ठेवून १९७७ साली तो बोहल्यावर चढला, १९७९ मध्ये किट आणि हेलोईज ही जुळी झाली. बाविसाव्याची सोय लागली!

या सगळ्या काळात लेखक एकच. ली फॉकनं १९३६ पासून १३ मार्च १९९९ रोजी मरेपर्यंत, त्रेसष्ट वर्षं, ही मालिका लिहिली. शेवटी ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून तो संवाद सांगत असे. अर्धी राहिलेली कथा पत्नी एलिझाबेथनं पुरी केली. पुढे टोनी डिपॉल आला. हा आधी स्वीडनमधल्या वेताळाच्या मासिकासाठी कथा लिहीत होता, म्हणजे बाहेरून आलेला नवखा नव्हे, घरचीच उमेदवारी केलेला. २००५ पासून रोजची पट्टी काढणारा पॉल रायन तर मार्व्हलचा जुना गडी. १९८७ मध्ये स्पायडरमॅनचं लग्न ज्या विशेष अंकात लागलं, तो यानंच काढला होता. २०१६ च्या मार्चमध्ये रायन अचानक गेला आणि माइक मॅनलीनं पट्टी पुढे नेली.

आता पोशाखाचा रंग. फॉकच्या डोक्यात तो करडा होता. १९३९ साली रविवारची रंगीत पुरवणी आली आणि छापखान्यातून वेताळ जांभळा होऊन बाहेर पडला. फॉकनं मान्य करून टाकलं. इटली, ब्राझील आणि तुर्कस्तानात तो लाल आहे, स्वीडनमध्ये निळा. एकाच वेळी तीन रंगांत फिरणारा हा एकमेव गुप्त माणूस! पापुआ न्यू गिनीच्या वाघी खोऱ्यात तर लढवय्यांनी आपल्या ढालींवर वेताळ रंगवला. आपल्याकडे त्याच्या नावानं पेपरमिंटच्या ‘सिगारेटी’ निघाल्या, पांढऱ्या आणि टोकाला लाल. त्या तोंडात धरून मोठ्या माणसासमोर ऐटीत उभं राहिलं की पाठीत धपाटा ठरलेला.

मुंबईतली कात्री

टाइम्स ऑफ इंडियानं मुंबईहून इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं मार्च १९६४ मध्ये. पहिले बत्तीस अंक नुसता वेताळ. मग मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, रिप कर्बी आला. मासिकाचं पाक्षिक झालं, पाक्षिकाचं साप्ताहिक झालं. १९९० मध्ये दुकान बंद होईपर्यंत आठशेच्या वर अंक निघाले, मराठीसह अनेक भाषांत.

परदेशी टीम बदलली की इथं आपोआप बदलत होती, पण क्रमानं नव्हे. इंद्रजालनं मॅकॉयच्या जुन्या कथाही छापल्या आणि बॅरीच्या नव्याही. त्यामुळे आपल्या वाचकाचा वेताळ या अंकात एका चेहऱ्याचा, तर पुढच्या अंकात दुसऱ्याच. जंगलात आरसा नसेल, असं मानून पोरं पुढे वाचत.

शिवाय एक टीम कधी कुणी मोजलीच नाही: मुंबईतलं संपादन खातं. त्यांनी वेताळाचा देशच बदलला. मुळात हा मुलूख आशियात कुठंतरी होता, पुढे फॉकनं तो आफ्रिकेत सरकवला. नाव मात्र बंगालच्या फार जवळ जाणारं. वाचकांचा गैरसमज नको म्हणून इंद्रजालमध्ये तो झाला ‘डेंकाली’. सिंग नावाचे चाचे होते, ते ‘सिंगा’ झाले. वेताळाच्या बापाचा खुनी मूळ कथेत ‘रामा’ होता. आता रामाला खुनी ठरवून या देशात मासिक विकायचं म्हणजे कठीणच, तेव्हा त्याचा झाला ‘रामालू’. नाव पुसायचं, नवं बसवायचं, आणि वर्तमानपत्राच्या आडव्या पट्ट्या कापून पानाच्या उभ्या मापात बसवायच्या. कुठं चौकट छाटायची, कुठं वाढवायची. हेही एक नवं चित्रणच, फक्त श्रेयनामावलीत नसलेलं.

मुखपृष्ठं मात्र इथलीच. सुरुवातीच्या पन्नासेक अंकांची बहुतेक मुखपृष्ठं बी. गोविंद, म्हणजे गोविंद ब्राह्मणिया यांनी रंगवली. आतला वेताळ अमेरिकेचा, दारातला मुंबईचा! रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर टांगलेला अंक पाहून पोरांनी बापाच्या मागे भुणभुण लावली ती गोविंदांच्या ब्रशामुळे.

इंद्रजालच्या उभारणीत टाइम्समधल्या अनंत पै यांचाही हात होता. नंतर हेच पै १९६७ मध्ये अमर चित्रकथेचे ‘अंकल पै’ झाले.

कुडता, जीन्स आणि चंबळ

डिसेंबर १९७६ मध्ये इंद्रजालनं अस्सल देशी हिरो आणला: बहादूर. कर्ता आबिद सुरती, चित्रं गोविंदांची. बहादूरचा बाप डाकू. तो पोलिसांच्या गोळीला बळी पडतो आणि ज्या अधिकाऱ्यानं गोळी घातली, तोच पोराला वाढवतो. हिंदी सिनेमाला दहा वर्षं पुरेल इतका मसाला यांनी पहिल्याच अंकात खर्च केला. जीन्सवर कुडता हा बहादूरचा वेश, बेला ही मैत्रीण, आणि डाकूंशी लढायला गावकऱ्यांचं ‘नागरिक सुरक्षा दल’. अंगात कोणतीही अद्भुत शक्ती नाही. गावकऱ्यांना शिस्तीत उभं करणं हीच शक्ती, आणि ती किती दुर्मिळ आहे हे ग्रामसभेला बसलेला कुणीही सांगेल.

इथंही हात बदलले. सुरतींनंतर लेखन जगजित उप्पल यांच्याकडे गेलं आणि चित्रं गोविंदांचा मुलगा प्रमोद ब्राह्मणिया काढू लागला. बापाच्या जागी मुलगा! वेताळाच्या गुहेतला कायदा टाइम्सच्या इमारतीतही लागू झाला म्हणायचा.

आबिद सुरती जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे. ‘धर्मयुग’मधले ढब्बूजी त्यांचेच. २००७ पासून ते मीरा रोडला रविवारी प्लंबर घेऊन घरोघरी फिरू लागले आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून देऊ लागले. डाकूंपेक्षा गळता नळ हा मोठा खलनायक, हे त्यांनी ओळखलं होतं.

नागराजाचा पुणेरी हात

आता राजूरच्या वादाकडे येऊ. नागराज १९८६ साली दिल्लीच्या राज कॉमिक्सनं काढला. पहिला अंक लिहिला परशुराम शर्मांनी, चित्रं प्रताप मुळीक यांची. मुळीक पुण्याचे, अमर चित्रकथेत मुरलेले. रेखाटन शिकणाऱ्या मराठी मुलांच्या दप्तरात त्यांची पुस्तकं असायची. म्हणजे हिंदी पट्ट्यानं डोक्यावर घेतलेला हिरवा हिरो घडला तो मराठी हातातून. आणि मुळीक एकटे नव्हते: चंदू, संजय अष्टपुत्रे, मिलिंद मिसाळ, विठ्ठल कांबळे अशी नावं राज कॉमिक्सच्या पानांवर पुन्हा पुन्हा भेटतात. ‘भोकाल’ हा दुसरा हिरो दिलीप कदमांच्या हातचा. छापखाना दिल्लीचा, भाषा हिंदी, कंबर-खांद्याचं माप मराठी!

नागराजाची कुंडली वाचून डॉक्टर बेशुद्ध पडेल. याच्या रक्तात पांढऱ्या पेशींऐवजी सूक्ष्म साप आहेत. हवे तेव्हा ते मनगटातून बाहेर पडतात. फुंकर विषारी, दंश त्याहून. आरंभी तो नायकही नव्हता. प्रोफेसर नागमणीनं दहशतवाद्यांना भाड्यानं द्यायला त्याला तयार केला होता. बाबा गोरखनाथांनी त्याला त्या गुलामीतून सोडवला आणि त्यानं थेट दहशतवाद्यांवरच मोर्चा वळवला.

मुळिकांचं पान जवळून पाहावं. नागराज उभा असतो तेव्हा सगळा भार एका पायावर, दुसरा गुडघा किंचित सैल, जिता माणूस उभा राहतो तसा. छातीवरचे खवले सगळीकडे सारखे मोजून काढलेले नाहीत. उजेड पडतो तिथं ते विरळ होत जातात, सावलीत दाट. कमरेला पट्ट्याच्या जागी सापच, आणि तोही पोटाच्या गोलाईबरोबर वळलेला. मागे फार काही नाही: एखादा खडक, एखादी भिंत. चौकटीत हवा खेळती. पौराणिक अंकांत देव काढून काढून आलेली ही बैठक आहे. मुळिकांच्या नागराजाला मुकुट चढवून धनुष्य दिलं, तर तो अमर चित्रकथेत बिनबोभाट खपून जाईल.

१९९५ च्या सुमारास सूत्रं अनुपम सिन्हांकडे आली. सिन्हा म्हणजे सुपर कमांडो ध्रुवचे जनक. १९८७ पासून ध्रुवला ते लिहितही होते आणि काढतही होते. ध्रुवकडे अद्भुत शक्ती नाही. सर्कशीत वाढलेला, मोटरसायकल चालवणारा, पशुपक्ष्यांशी बोलणारा आणि विज्ञान पाठ असलेला पोरगा. तीच विज्ञानाची खुमखुमी सिन्हांनी नागराजात आणली. पान एकदम गजबजलं. चौकटी वाढल्या, तिरप्या झाल्या, फुग्यांत मजकूर मावेना. नागराज मार खाता खाताही समोरच्याच्या शस्त्राचं तत्त्व समजावून सांगू लागला! देशोदेशी फिरणारा हा भटक्या महानगरात स्थिरावला आणि राज या नावानं टीव्ही चॅनेलच्या कामाला लागला. दंड फुगले, जबडा रुंदावला. ज्या पोराला ‘तोंड’ खटकलं त्याला खटकलं ते हे.

बरं-वाईट? पान पाहायला मुळीक, गोष्ट वाचायला सिन्हा, असं माझं मत. सिन्हांच्या हातात खलनायकांना अक्कल आली, नागराजाला घर आलं, मागची गोष्ट पुढच्या गोष्टीला जोडली गेली. मुळिकांच्या काळात कोणताही अंक कुठूनही उचलावा, काही अडत नसे. सिन्हांच्या काळात मधला एक अंक चुकला तर पुढच्यात कोण कुणाला का मारतो हेच कळायचं नाही. वाचनालयवाल्यांना बरकत आली. पोरं आता एका वेळी दोन-दोन भाग भाड्यानं उचलू लागली.

राज कॉमिक्सचा डोगा तर राहतोच मुंबईत. तोंडावर कुत्र्याचा मुखवटा, हातात बंदूक, आणि गटारातून ये-जा. त्याला व्यायामशाळेत तयार करणाऱ्या काकाचं नाव अदरक चाचा. मुंबईच्या सुपरहिरोला वडापाव नाही तर निदान अदरक तरी!

जावयासारखे आलेले नवे लोक

साता समुद्रापलीकडेही हेच. १९६६ मध्ये स्पायडरमॅनचा चित्रकार स्टीव्ह डिटको एकाएकी सोडून गेला आणि ३९ व्या अंकापासून जॉन रोमिटा आला. रोमिटा आधी प्रेमकथांची चित्रं काढायचा. डिटको परत येईल या समजुतीनं त्यानं सुरुवातीला त्याच्याच रेषेची नक्कल केली. डिटको आलाच नाही. हळूहळू रोमिटाचा हात मोकळा झाला आणि किरकिरा, काटकुळा पीटर पार्कर बघता बघता देखणा निघाला. भोवतालच्या मुलीही! प्रेमकथांचा अनुभव कुठंतरी कामी यायचाच.

ॲलन मूरची गोष्ट आणखी अफलातून. दलदलीतला राक्षस ‘स्वॉम्प थिंग’ ही मालिका विक्रीत गटांगळ्या खात होती. १९८४ च्या आरंभी ती मूरकडे आली. त्यानं विसाव्या अंकात आधीच्या गोष्टींचे धागे आवरले आणि एकविसाव्यात बॉम्ब टाकला: हा राक्षस म्हणजे राक्षस झालेला माणूस नाहीच, तर आपण माणूस आहोत असं वाटणारं झाड आहे! मागच्या टीमनं लिहिलेली एकही ओळ खोडली नाही, तरी सगळ्याचा अर्थ फिरवला. नव्या लेखकानं घरात कसं शिरावं याचा हा नमुना. भिंत पाडायची नाही, दाराची दिशा बदलायची.

सुपरमॅन आधी उडत नव्हता, लांब उड्या मारायचा. उडायला लागला तो कार्टूनपट आणि रेडिओच्या काळात. त्याला नामोहरम करणारा क्रिप्टोनाइट रेडिओवर आला १९४३ मध्ये, छापील पानावर पोचला १९४९ मध्ये. १९६२ च्या पहिल्या अंकात हल्क करडा होता. छपाईत तो करडा रंग धड उतरेना म्हणून पुढच्या अंकापासून हिरवा. वेताळ आणि हल्क दोघंही मूळचे करडे, दोघांचेही रंग छापखान्याच्या कृपेनं ठरलेले.

लेक काढते सुपंडी

सुपंडीला सुपरहिरो म्हणता येणार नाही. पण कोणतंही सोपं काम बिघडवण्याची त्याची ताकद अमानवी आहे, म्हणून त्याला इथं घुसवतो. त्रिचीच्या एका वाचकानं ‘टिंकल’ला लोककथा धाडल्या आणि १९८३ मध्ये सुपंडी अवतरला. त्याला रूप दिलं राम वाईरकर यांनी. अमर चित्रकथेतला ‘कृष्ण’ काढणारेही हेच. म्हणजे एकाच ब्रशातून कृष्ण आणि सुपंडी! २००३ मध्ये वाईरकर गेले आणि सुपंडी त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर यांच्याकडे आला.

‘टिंकल’चाच, १९८३ सालचाच शिकारी शंभू. लेखक लुई फर्नांडिस, चित्रकार वसंत हळबे. हळब्यांनी शंभूची टोपी डोळ्यांवर ओढली ती कायमची. पुढे साव्हियो मस्कारेन्हासनी शंभू हाती घेतला, टोपी तिथंच ठेवली. वारसा म्हणजे काय काय जपावं लागतं पाहा: शंभूचे डोळे न काढण्याची जबाबदारी!

धोतरातला स्पायडरमॅन

२००४ मध्ये शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर केला. गावाकडून मुंबईला आलेला मुलगा, काकांचं नाव भीम, काकूचं माया, आणि शक्ती कोळ्याच्या चाव्यानं नव्हे तर योग्याच्या कृपेनं. खाली धोतर. चार अंक निघाले, मालिका आटोपली, पवित्र लांबलचक सुट्टीवर गेल्यासारखा झाला.

मग २०२३ च्या जूनमध्ये ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ सिनेमात तो नव्या टीमच्या हातून नवे कपडे करून परतला. डोक्यावर केसांचं रान, हातात कडी, आणि राहायला मुंबई व मॅनहॅटनचं कडबोळं ‘मुंबॅटन’. मराठीसकट दहा भाषांत हा सिनेमा भारतात लागला. हिंदी आणि पंजाबीत पवित्रला आवाज दिला क्रिकेटपटू शुभमन गिलनं. पाठोपाठ मार्व्हलनं पवित्रची नवी मालिकाही काढली. लेखक निकेश शुक्ला, चित्रकार अभिषेक मालसुनी. जुन्या चार अंकांवर प्रेम करणारे कुरकुरले, पण या पोराला आता विनोद करता येतो. पहिल्या खेपेला बिचारा फारच गंभीर होता.

नवी टीम आली, आता काय करावं?

पहिल्या अंकावरून निकाल देऊ नये. पहिल्या अंकात चित्रकार जुन्या हाताला घाबरलेला असतो आणि लेखक मागची उधारी फेडत असतो. तिसऱ्या अंकाला खरा रंग कळतो.

चेहरा पाहण्याआधी हात पाहावेत. चेहरा सगळे जपून काढतात. बोटं, कान आणि बूट यांत चित्रकार पकडला जातो. नाव छापलेलं नसलं तरी मुठीवरून ओळख पटते. वेताळाच्या उजव्या हातात कवटीची अंगठी, डाव्यात शुभचिन्हाची. ही अदलाबदल झाली की समजावं, नवा गडी घाईत आहे.

फुग्यांकडेही बघावं. एका चौकटीत तीन फुगे आणि प्रत्येकात चार ओळी असल्या तर लेखकाला चित्रकारावर भरवसा नाही. अख्खं पान मुकं असेल तर दोघांचं जमलेलं आहे. मराठी-हिंदी आवृत्तीत आणखी एक पेच: इंग्रजीच्या मापानं काढलेल्या फुग्यात काना-मात्रा-वेलांट्या कोंबायच्या असतात. बिचाऱ्या अक्षरलेखकाचं नाव कुणी विचारत नाही.

आणि नापसंती कळवताना जरा जपून! १९८८ मध्ये डीसीनं बॅटमॅनच्या दुसऱ्या रॉबिनचं, जेसन टॉडचं, काय करायचं ते वाचकांवर सोडलं. दोन फोन नंबर दिले: एक जगवायला, एक मारायला. ५,२७१ जणांनी ‘जगू द्या’ म्हटलं, ५,३४३ जणांनी ‘मारा’. अवघ्या ७२ फोनांनी रॉबिन गेला. पुढे २००५ मध्ये नव्या टीमनं त्याला जिवंत करून परत आणला, आणि त्यानं बॅटमॅनला जाब विचारला तो हाच, की आपल्याला मारणारा जोकर अजून जिवंत कसा?